चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या कवीने गावोगावच्या कारागिरांची कला मोडीत जाण्यापासून वाचवली

आजीच्या घरात एक अडकित्ता असायचा. पितळी मुठी, पोलादी पातं आणि मुठीवर कोरलेला पोपट नाहीतर घोडा. तो आज कुठे आहे, असं घरात विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, मोडीत घातला.

स्टीलचे डबे आले तेव्हा पितळेचे डबे गेले. वीज आली तेव्हा समया आणि लामणदिवे माळ्यावर गेले आणि तिथून भंगारात. मोडीत वस्तूला भाव मिळतो तो किलोचा. त्यावर मोर कोरायला कारागिराने आठ दिवस घालवलेत की आठ तास, हे तराजूला कळत नाही. मोर वितळतो आणि त्याची तोटी होते.

अशा हजारो वस्तू भट्टीत जाण्याआधी एका पुणेकराने उचलून आणल्या. त्यांच्याकडे राजवाडा नव्हता की जहागीर नव्हती. होतं ते चष्म्याचं दुकान. त्यांचं नाव दिनकर गंगाधर केळकर. पुण्यात बाजीराव रस्त्यावर नातूबागेत असलेलं राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यांनीच उभं केलं.

आता हे नाव वाचून अनेकांचा एक गैरसमज होतो. लोकांना वाटतं, दिनकर केळकर हे कुठल्यातरी संस्थानाचे राजे असतील. तसं काही नाही. या नावातला 'राजा' वेगळाच आहे. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

दुकानात चष्मे, वहीत कविता

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. पेशवाई बुडून तेव्हा पाऊणशे वर्षं उलटली होती, पण पुण्यातले वाडे अजून उभे होते. वाड्यांमधली भांडीकुंडी, दिवे, पेट्या, शस्त्रं, वाद्यं हे सगळं जागच्या जागी होतं. फक्त ते सांभाळायची ऐपत आणि हौस हळूहळू आटत चालली होती.

केळकरांच्या घरचा व्यवसाय चष्म्यांचा. तरुणपणी तेही त्याच व्यवसायात होते. पण डोक्यात मात्र कविता होती. ते 'अज्ञातवासी' या टोपणनावाने कविता लिहायचे आणि मराठी कवितेच्या वाचकांना हे नाव चांगलं ठाऊक होतं.

इतिहास हा त्यांचा आवडीचा विषय. तो काळच तसा होता. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा करत होते. कुणाच्या माळ्यावर पडलेले मोडी कागद पुड्या बांधायला जाण्याआधी मिळवायचे, वाचायचे, छापायचे, असं ते काम होतं. महाराष्ट्राचा इतिहास कागदांतून बाहेर येत होता.

कागदात मात्र राजकारण जास्त सापडतं. लढाया, तह, वतनं, कर्ज, वाटणीचे तंटे यांची नोंद होते. ज्या विळीवर भाजी चिरली गेली, ज्या दिव्याच्या उजेडात हिशेब लिहिला गेला, ज्या दौतीत ती शाई होती, त्यांच्याबद्दल कुणी कागद लिहीत नाही. केळकरांनी नेमक्या याच वस्तू गोळा करायला घेतल्या.

साधारण १९२० च्या सुमारास हे काम सुरू झालं.

गावगाडा तेव्हा कुठल्या वळणावर होता?

केळकरांच्या कामाचं मोल कळायचं असेल तर त्या काळातल्या कारागिरांची अवस्था आधी बघावी लागते.

खेड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे बलुतेदार. त्यांना रोख मजुरी नसायची. वर्षभर शेतकऱ्याचे नांगर, कुळव, मोट, मडकी यांचं काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. त्यालाच बलुतं म्हणायचं. काम जातीवरून ठरलेलं आणि गावातली जागाही जातीवरूनच ठरलेली. हात कितीही कसबी असला तरी त्याने पंगतीतली जागा बदलत नव्हती. म्हणून जुन्या गावाची नुसती गोड चित्रं रंगवण्यात अर्थ नाही.

ही सगळी व्यवस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच खिळखिळी व्हायला लागली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' हे पुस्तक लिहून तिचा बारकाईने पंचनामा केला. गिरणीचं कापड, कारखान्यातला पत्रा, रॉकेलचे दिवे, चिनीमातीच्या बश्या हे सगळं रेल्वेने तालुक्याच्या बाजारात पोहोचत होतं. पुढे ॲल्युमिनियम आलं, स्टील आलं, शेवटी प्लास्टिक आलं. मोट ओढायचे बैल गेले, इंजिन आलं आणि मोट शिवणाऱ्याचं कामही गेलं.

यावर उपाय शोधणारे लोक होतेच. महात्मा गांधींच्या पुढाकाराने १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला. १९३८ मध्ये तिथेच मगन संग्रहालय सुरू झालं. कारागिराचा धंदा जगला पाहिजे, त्याला चांगली अवजारं आणि दोन पैसे जास्त मिळाले पाहिजेत, यावर वर्ध्याचा भर होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ आलं आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी देशभरातल्या कारागिरांसाठी काम उभं केलं.

केळकर धंदा वाचवायला निघाले नव्हते, तेवढी ताकद एका दुकानदाराकडे नव्हतीच. त्यांनी त्या धंद्याचा पुरावा वाचवला.

पदरचे पैसे आणि कमलाबाईंची साथ

संग्रह करणं हा तसा पैसेवाल्यांचा नाद. राजे, सरदार, मोठे व्यापारी, इंग्रज अधिकारी यांचे संग्रह असायचे. त्यात हिरे, तलवारी, मूर्ती, लघुचित्रं यांना मान. वापरून झिजलेला पानपुडा कोण विकत घेणार?

केळकरांनी घेतला. दुकानाच्या मिळकतीतून त्यांनी खरेदी केली. जुने वाडे, बाजार, देवळांची गावं अशी त्यांची भटकंती चालायची. महाराष्ट्र झाला, मग गुजरात, राजस्थान, दक्षिणेकडची राज्यं असं करत संग्रह देशभर पसरला. संग्रहालयात गुजरातचे कोरीव दरवाजेही आहेत आणि पैठण शैलीची चित्रंही आहेत ती यामुळेच.

या सगळ्यात पत्नी कमलाबाईंची साथ होती. घरात माणसांपेक्षा वस्तू जास्त झाल्यावर त्या पुसणं, मांडणं, सांभाळणं हे काम कुणाला तरी करावं लागतंच. या नादापायी घरातले दागिनेसुद्धा मोडावे लागले, असं केळकर दांपत्याबद्दल सांगितलं जातं.

आता त्या 'राजा'बद्दल. राजा हा केळकरांचा मुलगा. तो लहान वयातच गेला. त्यानंतर दिनकर केळकरांनी आपल्या संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. राजा दिनकर केळकर हे त्या मुलाचं पूर्ण नाव आहे. संग्रहालयाच्या दारावरची पाटी वाचताना आपण एका लहान मुलाचं नाव वाचत असतो, हे अनेक पुणेकरांनाही माहीत नसतं.

त्यांनी नेमकं काय जमवलं?

१९६० च्या आसपास केळकरांकडे सुमारे १५ हजार वस्तू होत्या. आज संग्रहालयात २० हजारांहून जास्त वस्तू आहेत. त्यातल्या बहुतेक अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या.

दिव्यांचंच घ्या. समई, निरांजन, लामणदिवा, हातात धरायचा दिवा, देवळातली दीपलक्ष्मी. तेलाची वात जाळायची एवढं एकच काम, पण त्यासाठी प्रत्येक प्रांतातल्या कारागिराने वेगळा आकार शोधला.

अडकित्त्यांचंही तसंच. सुपारी फोडायला दोन दांडे आणि एक पातं पुरतं. तरीही कुणी त्याचा घोडा केला, कुणी पोपट, कुणी नवराबायकोची जोडी.

आणि मग वजरी. पायाची टाच घासायची ही वस्तू. खाली खरखरीत भाग आणि वर धरायला मूठ. न्हाणीघराबाहेर कुणी बघणार नाही अशी ही वस्तू. पण तिच्या मुठीवर पक्षी बसवलेत, हत्ती केलेत, माणसं केलीत. केळकरांच्या संग्रहातल्या वजऱ्या बघायला लोक मुद्दाम येतात.

याशिवाय कुलुपं, दौती, कलमदानं, पानाचे डबे, स्वयंपाकघरातली भांडी, खेळणी, बाहुल्या, वाद्यं अशी यादी लांबतच जाते. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही केळकरांनी आणले आणि तो महाल संग्रहालयात पुन्हा उभा केला. फोटो काढायला सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते. पण केळकरांचं खरं वेगळेपण वजरीच्या कपाटापाशी कळतं. मस्तानीचा महाल कुणीही जपला असता. वजरी जपायला वेगळी नजर लागते.

एक वस्तू घडायला काय लागायचं?

पितळेचा ओतीव दिवा किंवा वजरीची मूठ कशी व्हायची, हे बघितलं की मोडीत काय जातं ते लक्षात येतं.

ओतारी आधी मेणात राळ मिसळून हवा तो आकार हाताने घडवायचा. मोर हवा असेल तर मेणाचा मोर, त्याच्या पिसांसकट. त्यावर अगदी बारीक चाळलेल्या मातीचा लेप, मग जाड मातीचे थर. एक भोक ठेवायचं. हे सगळं वाळलं की भट्टीत तापवायचं. आतलं मेण वितळून भोकातून निघून जातं आणि आत मोराच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात वितळलेलं पितळ ओतायचं. थंड झालं की मातीचा साचा फोडायचा आणि कानस घेऊन वस्तू साफ करायची.

इथे साचा एकदाच वापरता येतो, कारण तो फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही. म्हणून या पद्धतीने केलेले दोन मोर हुबेहूब सारखे नसतात. एक मोर मोडीत गेला की तसाच दुसरा कुठे असेल, याची खात्री नाही.

तांबटाचं काम वेगळं. तो ओतत नाही, ठोकतो. तांब्याच्या पत्र्यावर हजारो ठोके मारून हंडा, घंगाळ वर चढवतो. पेशवाईत पुण्याच्या कसब्यात तांबटांची वस्ती झाली. तांबट आळी आजही आहे आणि तिथे ठोक्यांचा आवाज अजून ऐकू येतो, पण पूर्वीएवढा नाही.

फोटोत चेहरा आला, पण नाव नाही

केळकरांनी वस्तू जपल्या. मग या वस्तू करणाऱ्या माणसांचं काय? त्यांचे फोटो कुणी काढलेच नाहीत का?

काढले, आणि बरेच आधी काढले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच सुरू झाली होती. विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने मुंबईत राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांच्या फोटोंचं पुस्तक १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत काढलं. लोकांचे फोटो वेगळे काढायचे आणि मागे दुसऱ्याच जागेचं दृश्य जोडायचं, अशी त्याची पद्धत. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे सरकारी प्रकाशन आठ खंडांत आलं. या पुस्तकांत माणूस दिसतो तो जातीचा नमुना म्हणून. चेहरा एका जिवंत माणसाचा असतो, पण त्या फोटोची ओळख म्हणून येते ती त्याची जात.

'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. सरकारने १८७० च्या सुमारास त्यांना कारागिरांची चित्रं काढायचं काम दिलं. त्या चित्रांत विणकर मागावर बसलेला आहे, हत्यार हातात धरलेलं आहे. काम करणारा माणूस म्हणून कारागीर तिथे जास्त चांगला दिसतो.

म्हणजे फोटोत चेहरा राहिला, चित्रात हात राहिला, आत्र्यांच्या पुस्तकात व्यवहार राहिला आणि केळकरांच्या कपाटात वस्तू राहिली. नाव मात्र यातल्या बहुतेक ठिकाणाहून निसटलं. संग्रहालयातल्या पाट्यांवर वस्तू, धातू, प्रांत, शतक असतं. कुणी घडवली, हे बहुतेक वस्तूंबाबत लिहिता येतच नाही, कारण केळकरांच्या हातात ती वस्तू आली तेव्हाच ते नाव विसरलं गेलेलं होतं. वाड्याचा मालक माहीत होता, ओतारी नव्हता.

'अज्ञातवासी' या नावाने लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यभर अज्ञात माणसांचंच काम गोळा केलं, असा हा योगायोग.

मराठवाड्यातल्या येरमाळ्याशी याचा काय संबंध?

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात येरमाळा आहे. तिथल्या येडेश्वरी देवीची चैत्र पौर्णिमेची यात्रा मोठी असते. चुनखडी वेचायला दूरदूरचे भाविक जमतात. आराधी येतात, जोगवा मागतात.

या यात्रेत डोळे उघडे ठेवून फिरलं तर कारागिरांचं सगळं जग दिसतं. आराध्याच्या हातातली परडी बुरुडाने विणलेली. गळ्यातली कवड्यांची माळ कुणीतरी ओवलेली. दिवटी कुणीतरी घडवलेली. संबळावर कातडं कुणीतरी ताणून चढवलेलं. या वस्तू अजून काचेच्या कपाटात गेलेल्या नाहीत, रोजच्या वापरात आहेत.

इथेच केळकरांसारख्या संग्रहांची एक मर्यादाही लक्षात येते. पितळ, तांबं, हस्तिदंत, सागवान हे शतकभर टिकतं. बांबू, कातडं, लोकर, वाख टिकत नाही. परडीला कीड लागते, घोंगडीला कसर लागते, मोट कुजून जाते. त्यामुळे कुठलंही संग्रहालय बघा, वाड्यातल्या वस्तू जास्त आणि झोपडीतल्या कमी. बुरुड, धनगर, चांभार यांची कला ओताऱ्याच्या कलेपेक्षा कमी नव्हती. तिचा माल तेवढा नाशवंत होता.

याच जिल्ह्यातलं तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू जमवल्या आणि आज तिथलं शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने ओळखलं जातं. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या कारागिराच्या कामाची रोमपर्यंत ओळख होती. पण त्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत नाही.

आणि याच तेरमध्ये एक कारागीर असा होऊन गेला की त्याचं नाव सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. संत गोरा कुंभार. पण हे नाव टिकलं ते अभंगांमुळे आणि वारकऱ्यांमुळे. त्यांनी घडवलेली मडकी केव्हाच मातीत मिसळून गेली. वस्तू टिकली तर नाव जातं, नाव टिकलं तर वस्तू जाते, अशी आपल्याकडच्या कारागिरांची गत.

सरकारला सगळं देऊन टाकलं

१९७५ मध्ये केळकरांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. बाजारात विकला असता तर काय किंमत आली असती, याचा हिशेब त्यांनी केला नाही. वस्तू एका जागी राहिल्या पाहिजेत आणि लोकांना बघता आल्या पाहिजेत, एवढंच त्यांना हवं होतं. पुणे विद्यापीठाने त्यांना मानाची डॉक्टरेट दिली, भारत सरकारने पद्मश्री दिली.

१७ एप्रिल १९९० रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. जवळपास ७० वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं.

आज संग्रहालयात २० हजारांपैकी सुमारे अडीच हजार वस्तूच मांडता येतात. बाकीच्या जागेअभावी बघणाऱ्यांच्या नजरेआड राहतात.

आता केळकरांकडे नव्हती अशी एक गोष्ट आज प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईल. यात्रेत, आठवडी बाजारात कुंभाराचं चाक, बुरुडाचं विणकाम दिसलं की लोक रील काढतात. छान प्रकाश, हातांचा क्लोजअप, मागे गाणं. खाली 'लुप्त होत चाललेली कला' असं लिहिलं की झालं काम. जॉन्सनच्या पुस्तकात आणि या रीलमध्ये मग फारसा फरक राहत नाही. चेहरा येतो, नाव येत नाही.

खरंतर पाचच मिनिटं जास्त लागतात. आधी परवानगी मागायची. मग नाव काय, गाव कुठलं, हे काम कुणाकडून शिकलात, बांबू कुठून आणता, एका परडीला किती वेळ लागतो, ती कितीला विकली जाते आणि मुलं हे काम शिकतायत का, एवढं विचारायचं. उत्तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायचं आणि त्यांची हरकत नसेल तर फोटोखाली नाव लिहायचं. परडी घेताना घासाघीस टाळली तर आणखी बरं.

केळकर ज्या वाड्यांत पोहोचले तिथे हे प्रश्न विचारायला कारागीर उरला नव्हता. येरमाळ्याच्या यात्रेत तो अजून पाल टाकून बसलेला असतो.